अर्धे वचन

काही वचने मूळ ग्रंथातून निघून एकदा दारांच्या कमानींवर जाऊन बसली, म्हणजे त्यांचे पुढचे-मागचे सारे संबंध तुटतात, आणि सणाच्या तोरणाप्रमाणे ती कोणत्याही घरास शोभू लागतात. सत्य मनुष्यास मुक्त करते, ह्या आशयाचे योहानाच्या शुभवर्तमानातील वचन त्यांपैकीच एक होय. अमेरिकेतील बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने त्याचे लॅटिन रूप आपले ब्रीद म्हणून स्वीकारले आहे. त्याच देशाच्या गुप्तहेर खात्याच्या मुख्य इमारतीत दर्शनी दालनाच्या भिंतीवरही ते कोरलेले आहे. ज्या खात्याचा सारा व्यवहारच झाकून ठेवण्याचा, त्याने हे वचन भिंतीवर घ्यावे ह्यात विनोद आहे खरा. परंतु त्या खात्यास हसण्याचा अधिकार आम्हांस नाही. आम्हीही गेली वीस-एकवीस वर्षे अमरावतीपासून अकोल्यापर्यंतच्या लहानमोठ्या व्यासपीठांवरून हेच वचन विद्यार्थ्यांस सांगत आलो आहो. इंग्रजीचा प्राध्यापक म्हटला की बायबल, शेक्सपिअर आणि मिल्टन ह्यांतील एखादे वाक्य खिशात बाळगावेच लागते. आमच्या खिशात हे होते.

चार वर्षांपूर्वी अकोल्यास एका शाळेच्या पारितोषिक-समारंभात आमचे भाषण झाले. विज्ञान, चिकित्सक बुद्धी, अंधश्रद्धेपासून सुटका इत्यादी विषयांवरून फिरून आम्ही नेहमीप्रमाणे त्या वचनाशी येऊन थांबलो. टाळ्या झाल्या. चहाच्या वेळी ऐंशीच्या घरातले एक वृद्ध गृहस्थ काठी टेकीत जवळ आले. मिशनच्या शाळेत त्यांनी उभा जन्म मास्तरकी केलेली. त्यांचे आजोबा 1899-1900 च्या दुष्काळात पोरके होऊन मिशनऱ्यांच्या आश्रयास आले, आणि तेथेच वाढले, असे मागाहून कळले. मास्तर म्हणाले, "छान बोलले सर तुम्ही. पण अर्धंच सांगतलं. मागचं अन् पुढचं कुठं ठेवलं?"

आम्ही हसून काहीतरी उत्तर दिले. परंतु अमरावतीस परत आल्यावर पुस्तक काढून पाहिले, तेव्हा कबूल करावे लागले की, ज्या अध्यायातील वचन आपण इतकी वर्षे मिरविले, तो आठवा अध्याय सलग असा आपण वाचलेलाच नव्हता.

वचनाच्या मागे एक अट आहे. येशूने सांगितलेल्या वचनात जे टिकून राहतील, त्यांस सत्य कळेल, आणि मग ते सत्य त्यांस मुक्त करील, असा तो क्रम आहे. म्हणजे सत्य कळणे हे पहिले पाऊल नव्हेच. आधी राहणे, मग कळणे, मग सुटणे. आम्हां शिकलेल्या लोकांची समजूत नेमकी उलटी असते. आधी कळावे, पटल्यास मग त्याप्रमाणे राहावे, आणि न पटल्यास त्यावर एक निबंध लिहावा!

वचनाच्या पुढचा भाग तर अधिकच अडचणीचा आहे. ऐकणारे लोक रागावतात. आम्ही अब्राहामाचे वंशज, आम्ही कधी कोणाचे गुलाम नव्हतो, मग आम्हांस मुक्त करण्याची भाषा कशास, असे ते विचारतात. वास्तविक हे संभाषण चालले होते तेव्हा यरुशलेमेवर रोमचा अंमल होता, आणि मंदिराला लागूनच असलेल्या गढीत रोमन शिपायांचा पहारा होता. तरीही आम्ही कोणाचे गुलाम नाही, हे उत्तर त्यांच्या तोंडी सहज आले. घराण्याचा अभिमान डोळ्यांसमोरचा पहाराही दिसू देत नाही. परंतु येशू रोमचे नावही काढीत नाही. जो पाप करतो तो पापाचा गुलाम आहे, एवढेच तो सांगतो, आणि गुलाम व पुत्र ह्यांतील भेद दाखवितो. गुलाम घरात कायमचा राहत नाही, पुत्र राहतो. म्हणून पुत्राने ज्यांस सोडविले तेच खरे सुटले.

हा दृष्टान्त आम्हांस पुस्तकातून नीट उमगला नाही. पुढे अकोल्यास जाणे झाले म्हणजे मास्तरांकडे बसण्याचा परिपाठ पडला, तेव्हा त्यांनी तो एका वाक्यात उलगडला. "सालदार पाडव्याला बदलते सर, पोरगं बदलत नाही." वऱ्हाडातील वाचकास ह्याहून अधिक सांगावयास नको. इतरांसाठी सांगावयाचे तर, सालदार म्हणजे वर्षाच्या कराराने शेतावर राबणारा गडी. तो घरात जेवतो, गोठ्यात निजतो, बैलांची नावे मालकाच्या मुलांहून त्यास अधिक ठाऊक असतात. परंतु पाडवा आला की हिशेब होतो, आणि आगाऊ घेतलेली उचल फिटली नसेल तर पुढचे सालही तेथेच जाते. पाप म्हणजे ही उचल होय, असे मास्तरांचे म्हणणे. घेताना ती लहान असते व गरजेपुरतीच असते. प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत, मत्तयाच्या पाठात, पापासाठी ऋण हाच शब्द आलेला आहे, हे त्यांनी आम्हांस दाखवून दिले. आणि मग ते म्हणाले, "सालदारानं आपल्याच हातानं मालकाची वही फाडली, तर ते फेडणं होते काय?"

ख्रिस्ती धर्मविचाराचा जो गाभा आमच्यासारख्यांच्या घशाखाली सहज उतरत नाही, तो ह्या प्रश्नात आहे. पाप हे केवळ एक कृत्य नसून ती एक अवस्था आहे, एक सत्ता आहे. नव्या करारातील मूळ ग्रीक शब्दाचा जुना अर्थ नेम चुकणे असा असल्याचे सांगतात. पण पौल रोमकरांस लिहितो तेव्हा त्या शब्दाचे वजन पुष्कळच वाढलेले असते. जे चांगले करावेसे वाटते ते माझ्या हातून होत नाही, आणि जे करावेसे वाटत नाही तेच होते, अशी त्याची तक्रार आहे. गुलाम आपल्याच सहीने आपली सुटका लिहून घेऊ शकत नाही. ती बाहेरून, अनुग्रहाने, आणि कोणी तरी किंमत भरली म्हणूनच होते. क्रुसाचा अर्थ ख्रिस्ती माणूस तेथे पाहतो.

आम्ही ख्रिस्ती नाही, आणि ह्या लेखाच्या शेवटी होणारही नाही. आमच्या पिढीचे वळण निराळे आहे. 1893 साली शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेत विवेकानंदांनी, मनुष्यास पापी म्हणणे हेच पाप होय, असे बजावले, आणि ते वाचून आमच्या आजोबा-पणजोबांच्या छात्या जशा फुगल्या तशा आमच्याही कॉलेजच्या दिवसांत फुगल्या. बाजाराच्या दिवशी पेटी वाजवून उभ्या गावास पापी ठरविणाऱ्या उपदेशकांचा पूर्वजांस राग आला असेल तर तो अस्थानी होता, असे आम्हांस आजही वाटत नाही. परंतु त्याच 1893 साली, नागपूरकडून राजनांदगावास जाणाऱ्या आगगाडीत, नारायण वामन टिळक ह्या कोकणस्थ ब्राह्मण कवीच्या हाती एका गोऱ्या प्रवाशाने नवा करार दिला, आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही केले. टिळकांनी पुस्तक वाचण्याचे वचन दिले व ते पाळले. डोंगरावरच्या प्रवचनाशी ते येऊन पोहोचले, आणि तेथून त्यांस उठवेना. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते पुढे सांगत. ज्या तुकोबांनी बापाच्या वेळची कर्जखते इंद्रायणीत बुडविल्याची कथा आहे, त्यांच्या पुलावरून ऋणमुक्तीच्या धर्माकडे जाणे टिळकांस कठीण गेले नसावे.

परंतु आमच्या विषयाला टिळकांहूनही अधिक जवळचे उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. अकोल्यात पती मार्कस फुलर ह्यांच्यासह काम केलेल्या जेनी फुलर ह्यांनी हिंदी स्त्रियांच्या दुःखांवर जे इंग्रजी पुस्तक 1900 साली प्रसिद्ध केले, त्यास प्रस्तावना रमाबाईंची आहे. म्हणजे आमच्या वऱ्हाडाशीही त्यांचे काही नाते लागते. रमाबाईंचा बाप्तिस्मा 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडात वाँटेज येथे झाला. कलकत्त्याच्या पंडितांनी जिला पंडिता व सरस्वती म्हटले, त्या बाईने हा धर्म डोळे मिटून घेतलेला नव्हता. त्रैक्य म्हणजे काय, ख्रिस्ताचे देवत्व कोणत्या अर्थाने घ्यावयाचे, ह्यांवर गुरुस्थानी असलेल्या जोगिणीशीही त्यांनी पत्रांतून कडाडून वाद घातला. बुद्धीस जे पटले तेवढेच त्यांनी घेतले. आणि असे असूनही पुढे 1907 साली लिहिलेल्या साक्षीत त्या सांगतात की, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे आपणांस ख्रिस्ती धर्म मिळालेला होता, ख्रिस्त मात्र मिळालेला नव्हता. सिद्धान्त पदरी होता, पापाचे ओझेही पाठीवर जसेच्या तसे होते.

ह्या कबुलीचे आम्हांस फार आश्चर्य वाटत आले आहे. आपल्याकडील एवढी मोठी विदुषी, ग्रंथ जाणणारी, सत्य कोणते ह्याविषयी निःशंक झालेली, आणि तरी बद्ध! मग जिने हिब्रू व ग्रीक शिकून, साध्या बाईमाणसासही कळावे अशा मराठीत सारे बायबल उतरविण्यास अखेरची वर्षे वेचली, तिने आपल्या केडगावच्या वसाहतीस नाव दिले ते मुक्ती. आपल्या जुन्या शास्त्रांतलाच हा शब्द. पण जन्ममरणाच्या फेऱ्यांतून सुटणे हा त्याचा अर्थ मागे पडून, पापाच्या चाकरीतून सुटणे हा पुढे आला. 1905 साली त्याच मुक्तिसदनात मुली रडतरडत आपली पापे उघड बोलून दाखवू लागल्या, ती हकिकत वाचताना आमच्यासारख्यास अवघडल्यासारखे होते. इतका आक्रोश आम्हांस रुचत नाही. तथापि न रुचण्याचे सारे कारण अभिरुची हेच होते काय, ह्याविषयी अलीकडे आम्ही तितके निश्चिंत राहिलेलो नाही.

कोणी म्हणेल, पाप बोलून दाखविण्यासाठी परधर्माकडे पाहण्याची गरज काय? गरज नाही. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पापापासून सुटण्याचे जे मार्ग दिले आहेत त्यांत पहिला मार्ग ख्यापन, म्हणजे केलेले पाप स्वतः सांगणे, हाच आहे. अनुताप, तप, अध्ययन हे त्याच्या मागचे. जसजसे सांगावे तसतसा माणूस, कातीतून साप सुटावा तसा, अधर्मातून सुटतो, असा दृष्टान्तही तेथे आहे. त्या ग्रंथातील पुष्कळ गोष्टी आज कोणी मानू नयेत अशाच आहेत, पण हे निरीक्षण खरे आहे. आम्ही मात्र त्या यादीतील अध्ययनाचा तेवढा मार्ग पत्करला. तो बसून करता येतो.

आता ज्यासाठी हे सारे लिहिले ते सांगितले पाहिजे. एकवीस वर्षांपूर्वी वऱ्हाडातील एका महाविद्यालयात आम्ही नोकरीस होतो. वार्षिक परीक्षेच्या गुणांच्या वहीत काही आकडे खाडाखोड करून वाढविलेले आढळले. वही ज्या कपाटात होती त्याची किल्ली आमच्या एका तरुण सहकाऱ्याकडे असे. संशय त्याच्यावर आला. त्या संध्याकाळी आम्ही ग्रंथालयात उशिरापर्यंत बसलो होतो, आणि जाताना ती खोली दुसऱ्याच एका व्यक्तीस उघडताना आम्ही पाहिले होते. व्यक्ती संचालकांच्या निकटची होती. चौकशी-समितीने आम्हांस एकच प्रश्न विचारला, त्या संध्याकाळी आपण इमारतीत होता काय? आम्ही उत्तर दिले, "नाही, चार वाजताच घरी गेलो होतो."

आम्हांस कोणी धमकी दिली नव्हती, कोणी आमिष दाखविले नव्हते. तीन महिन्यांनी विभागप्रमुखाची जागा रिकामी व्हावयाची होती, एवढेच. सहकाऱ्यावर दोष सिद्ध झाला नाही, पण तो पुसलाही गेला नाही. वर्षअखेर त्याने राजीनामा दिला व तो अकोल्यास जाऊन शिकवण्या करू लागला. पुन्हा कोणत्याही महाविद्यालयात त्यास जागा मिळाली नाही. आम्हांस जागा मिळाली.

आमच्याजवळ सत्य नव्हते असे म्हणता येईल काय? त्या प्रकरणातील सत्य साऱ्या गावात आमच्याइतके स्पष्ट दुसऱ्या कोणासही ठाऊक नव्हते. तेच सत्य एकवीस वर्षे आम्हांस बांधून होते. अकोल्यास भाषणाचे आमंत्रण आले की आधी आम्ही निमंत्रितांची यादी मागत असू. सत्य ह्या शब्दाचा हिब्रू प्रतिशब्द आणि प्रार्थनेच्या शेवटी ख्रिस्ती लोक म्हणतात तो आमेन हा शब्द एकाच धातूपासून निघाले आहेत. ज्यावर भार टाकता येईल, जे टिकते, असा त्यांचा भाव. आमच्या जिभेवर त्या दिवशी कोणी तरी भार टाकला होता.

मास्तरांस हे आम्ही गेल्या दिवाळीनंतर सांगितले. घरच्या माणसांसही तोपर्यंत सांगितले नव्हते. ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी मत्तयाच्या पाचव्या अध्यायातील गोष्ट काढली. वेदीपाशी दान घेऊन गेलास, आणि आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर दान तेथेच ठेव, आधी भावाकडे जा. "तुम्ही मला सांगतलं ते बरं केलं. पण मी तो भाऊ नोहो."

लूकच्या शुभवर्तमानात जक्कय नावाचा जकातदार आहे. येशू त्याच्या घरी उतरतो, त्यास काही मागत नाही, बोलही लावीत नाही. आणि तो आपण होऊन उभा राहून सांगतो की ज्याचे लुबाडले त्यास चौपट परत करीन. ख्रिस्ती विचारात क्रम असा आहे हे आम्हांस तेव्हा प्रथम उमजले. परतफेड केल्याने क्षमा विकत मिळत नाही. क्षमेने हात मोकळे होतात, आणि मग त्या हातांना परतफेड सुचते. आम्हांस क्षमा झाली होती काय? त्याचे उत्तर आमच्या धर्मात कोणास विचारावे हे आम्हांस ठाऊक नव्हते. हात मोकळे झाल्यासारखेही वाटत नव्हते. तरीही पौषातल्या एका रविवारी बडनेऱ्यास गाडीत बसलो.

बडनेरा-अकोला हा प्रवास आम्ही शेकडो वेळा केला असेल. शेतांत तूर उभी होती, कपाशीच्या पऱ्हाट्या काळवंडल्या होत्या. मूर्तिजापुरास गाडी थांबली. एके काळी तेथून अचलपूर आणि यवतमाळ ह्या दोन दिशांस शकुंतला गाडी सुटत असे. तेथे उतरून परत फिरावे असे एकदा मनात आले, हेही नमूद करून ठेवतो.

घर सापडण्यास अडचण पडली नाही. दाराबाहेर मुलांच्या चपलांचा ढीग होता. फळ्यावरचे उदाहरण अर्धे ठेवून ते बाहेर आले. केस पिकले होते. "सर, तुम्ही? या ना, या." आम्हांस आतल्या खोलीत बसविले, चहा आला. चहा संपेपर्यंत आम्ही बोलू शकलो नाही. मग सगळे सांगितले; कोणती संध्याकाळ, काय पाहिले, काय म्हटले, का म्हटले. शेवटचे सांगताना आवाज राहिला नाही.

ते म्हणाले, "मला माहीत होतं सर. त्या दिवशी साडेसहाला मी परत आलो होतो, छत्री विसरली म्हणून. तुमची स्कूटर चिंचेखाली उभी होती."

आम्ही विचारले, मग समितीपुढे तसे बोलला का नाहीत?

"मला वाटलं, तुम्ही बोलाल."

बाहेरच्या खोलीत मुलांची कुजबूज वाढली होती. ते उठून एकदा दटावून आले. परत येऊन बसल्यावर त्यांनी विचारले, "सर, हे लिहून द्याल? मुलगी आता प्राध्यापक होऊ पाहते आहे. तिला दाखवीन म्हणतो." त्यांनी वहीतील दोन पाने फाडून दिली. जे भाषणांत घडाघड सुचते तसे काहीच सुचेना; साधी सहा वाक्ये लिहावयास अर्धा तास लागला. तारीख घातली, सही केली. त्यांनी ते वाचले, एका ठिकाणी वेळ लिहिताना आमची चूक झाली होती ती दाखविली, आणि आम्ही ती दुरुस्त करून तेथे पुन्हा सही केली. क्षमा केली असे ते म्हणाले नाहीत. आम्हीही मागितली नाही. मागावयास गेलो होतो, पण तो शब्द त्या खोलीत फार स्वस्त वाटला असता. निघताना दारापर्यंत येऊन ते म्हणाले, "साडेचारची पॅसेंजर मिळेल तुम्हाला," आणि आत जाऊन त्यांनी उदाहरण पुढे सोडविण्यास घेतले. मुलांच्या चपलांत आमचा जोडा शोधीत आम्ही थोडा वेळ उभे होतो.

परतीच्या वाटेवर हलके वाटले नाही. मास्तरांस तसे कळविले तेव्हा त्यांचे पोस्टकार्ड आले. हलकं वाटणं अन् सुटणं ह्या दोन गोष्टी आहेत, एवढेच त्यावर होते.

त्या सहा वाक्यांची दुसरी प्रत आम्ही त्या महाविद्यालयाच्या संचालक मंडळाकडे रजिस्टर टपालाने पाठविली आहे. पोच अद्याप आलेली नाही. ह्या वर्षी एका संमेलनाचे आमंत्रण आले आहे. त्या वचनाच्या जागी काय बोलावे हे आम्ही ठरविलेले नाही.